मोटारसायकलच्या पुढच्या टायरचे प्रोफाइल

मोटारसायकलच्या टायरच्या बगलेवर १००/८०-१७ असा आकडा असतो. त्यातले १०० ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. मधले ८० म्हणजे प्रोफाइल. ही टक्केवारी आहे: रिमच्या कडेपासून टायरच्या माथ्यापर्यंतची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे येथे ८० मि.मी. रुंदी १२० असेल तर याच ८० चे ९६ मि.मी. होतात. म्हणून प्रोफाइल एकटे वाचून काहीच कळत नाही, ते रुंदीसोबतच वाचावे लागते. २.७५-१८ अशा जुन्या, इंचांतल्या आकड्यात प्रोफाइल लिहिलेले नसते. त्या टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असते, आणि त्याच्या जागी आता ८०/१००-१८ बसतो.

टायर बदलताना बहुतेक गिऱ्हाइके दुकानात ‘जरा जाड टायर’ मागतात आणि फक्त पहिला आकडा पाहतात. ९०/९०-१७ च्या जागी १००/९०-१७ घेतला तर चाकाचा एकूण व्यास ५९३.८ मि.मी.वरून ६११.८ मि.मी. होतो आणि गाडीचा पुढचा भाग ९ मि.मी. उचलला जातो. तेच १००/८०-१७ घेतला तर व्यास ५९१.८ मि.मी., म्हणजे फरक अवघा २ मि.मी. रुंदी वाढवायची असेल तर प्रोफाइल खाली आणावे लागते, ते या हिशेबामुळे.

पुढच्या चाकाची उंची इतकी जपण्याचे कारण हँडलच्या भूमितीत आहे. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष मागे कललेला असतो. उभ्या रेषेशी होणाऱ्या त्याच्या कोनाला रेक म्हणतात. स्पोर्ट्स गाडीत तो २४-२५ अंशांच्या आसपास असतो, क्रूझरमध्ये ३० किंवा त्याहून जास्तही. हाच अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे मिळेल, ती जागा टायर जमिनीला टेकतो त्याच्या थोडी पुढे असते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रेषेत निर्धास्त धावते, पण वळवायला जड वाटते. कमी असेल तर ती चटकन वळते, आणि फार कमी झाला तर वेगात हँडल थरथरू लागते. मागच्या टायरची उंची बदलली की फक्त रेक बदलतो. पुढच्या टायरची बदलली की रेक बदलतो आणि चाकाची त्रिज्याही, आणि ट्रेल या दोन्हींवर अवलंबून असल्याने परिणाम दुहेरी होतो.

सुझुकीच्या एसव्ही६५० वर हा परिणाम आकड्यांत मांडता येतो. १९९९ मध्ये आलेल्या या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलला पुढे १२०/६०-१७ टायर होता; २०१६ च्या नव्या एसव्हीला कंपनीने १२०/७०-१७ दिला. जुन्या गाडीच्या मालकांनाही ७० चा मोह होतो, कारण बहुतेक मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांचा हाच आकार असल्याने त्यात निवडीला भरपूर वाव मिळतो. रुंदी तीच, रिम तेच, फक्त बगल ७२ ऐवजी ८४ मि.मी. त्रिज्या १२ मि.मी.ने वाढते आणि २५ अंशांच्या रेकला एवढ्यानेच ट्रेल साडेपाच मिलिमीटर वाढतो. शिवाय गाडीचे नाक वर गेल्याने, दोन चाकांत सुमारे १४३० मि.मी. अंतर धरले, तर रेक जवळजवळ अर्ध्या अंशाने वाढतो; त्याने ट्रेलमध्ये आणखी पावणेतीन-तीन मिलिमीटर पडतात. मूळ ट्रेल १०० मि.मी.च्या आसपास असताना ही आठ टक्क्यांची वाढ आहे. सरळ रस्त्यावर ती स्थैर्य म्हणून जाणवते, वळणात शिरताना जडपणा म्हणून.

यावर एक उपाय आहे. शॉकअपच्या नळ्या हँडलखालच्या पकडींतून तेवढ्याच, १२ मि.मी., वर सरकवायच्या. असे केल्यावर नाक मूळ उंचीवर येते आणि रेक पूर्ववत होतो. पण वाढलेल्या त्रिज्येचे साडेपाच मिलिमीटर तसेच राहतात. शिवाय शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड किंवा टायर रेडिएटरला लागत नाही ना, हे पाहावे लागते. वेग पुढच्या चाकावरून मोजणाऱ्या गाडीत स्पीडोमीटरही चुकतो: चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढल्याने खरा वेग १०० असताना काटा ९६ दाखवतो. एबीएस दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असते, त्यामुळे ठरलेले प्रमाण बिघडवणे तिथे आणखी जोखमीचे. एबीएस असलेल्या गाडीला कंपनीने मंजूर केलेला आकारच लावावा, यात तडजोडीला जागा नाही.

बगल कमी करूनही व्यास कसा सांभाळता येतो, हे १९८० च्या दशकातल्या बदलातून दिसते. होंडा व्हीएफ७५०एफ आणि कावासाकी जीपीझेड९००आर या गाड्यांना पुढे १६ इंची चाक आणि १२०/८० टायर होता. त्याआधीच्या १८ आणि १९ इंची चाकांपेक्षा ते चपळ मानले जाई. दशक संपता संपता १७ इंच स्थिरावले. पण १२०/८०-१६ चा व्यास ५९८.४ मि.मी. आणि आजच्या १२०/७०-१७ चा ५९९.८ मि.मी. रिम एक इंचाने वाढले, बगल तेवढी आखूड झाली, जमिनीपासून आसाची उंची मात्र तीच राहिली. आखूड बगल कमी लवते, म्हणून हँडलचा इशारा रस्त्यापर्यंत लवकर पोहोचतो.

उंच बगलेचे मोल खराब रस्त्यावर कळते. खड्ड्याच्या धारदार कडेवर टायर दबतो तेव्हा रिम आणि डांबर यांच्यामध्ये उरते ती बगलच. केटीएम ३९० ड्यूकच्या ११०/७०-१७ ला ती ७७ मि.मी. मिळते, २०२१ च्या क्लासिक ३५० च्या १००/९०-१९ ला ९० मि.मी. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीचे प्रोफाइल केवळ दिसण्यासाठी कमी करणे म्हणजे अलॉय व्हीलला आउट येण्याची वेळ जवळ आणणे.

एक महत्त्वाची गोष्ट मात्र या आकड्यांत कुठेच लिहिलेली नसते: टायरच्या माथ्याची गोलाई. आकार तोच असला तरी एका कंपनीचा माथा टोकदार असतो, दुसऱ्याचा एकसारखा गोल. टोकदार टायर गाडीला झटकन कलू देतो आणि पूर्ण कललेल्या अवस्थेत जास्त रबर रस्त्याला टेकवतो. गोल टायरवर गाडी हळूहळू, अंदाज येईल अशी कलते. रोजच्या वापराला आणि लांबच्या प्रवासाला गोलच बरा. रुंदी वाढवली की आणखी एक दोष येतो. कललेल्या गाडीचा टायर मध्यरेषेवर न टेकता वळणाच्या आतल्या बाजूला टेकतो, आणि टायर जितका रुंद तितका हा बिंदू मध्यापासून लांब जातो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात वळणाच्या मधोमध खडी दिसली आणि पुढचा ब्रेक दाबला, तर त्या बिंदूवरची ओढ हँडल आत वळवते, गाडी सरळ उभी राहू पाहते आणि वळणाबाहेर जाते. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

माथ्याचा आकार रिमच्या रुंदीवरही ठरतो. १२० चा टायर साडेतीन इंच रुंद रिमसाठी बनतो. तो अरुंद रिमवर चढवला तर बगला आत ओढल्या जातात, माथा चिमटल्यासारखा वर येतो आणि वळणात लागणारे कडेचे रबर रस्त्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कम्यूटर गाडीच्या रिमवर बसवलेला जाडजूड टायर पकड वाढवतो ही समजूत त्यामुळे बहुधा खोटी ठरते. रिमच्या कोणत्या रुंदीला कोणता टायर चालतो याचे तक्ते टायर कंपन्या देतात. ते पाहिल्याशिवाय आकार बदलू नये.

प्रोफाइल बदलले की टायरच्या पोटातली हवा कमी-जास्त होते आणि वजन पेलण्याची क्षमताही बदलते. १२०/६०-१७ वर बहुधा ५५ हा भारांक असतो, म्हणजे २१८ किलो. १२०/७०-१७ वर ५८, म्हणजे २३६ किलो. त्यापुढचे अक्षर कमाल वेगाचे: पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. भारांक आणि वेगाचे अक्षर दोन्ही गाडीच्या पुस्तिकेतल्यापेक्षा खालचे नसावेत. पुढे रेडियल आणि मागे साधा टायर अशी जोडी कंपनीने दिली नसेल तर ती जमवू नये.

नवा टायर बसला की चाक हाताने फिरवून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि शॉकअप दाबून मडगार्डपासूनचे अंतर पाहावे. थांबलेल्या गाडीत पुरेसे वाटणारे अंतर चिखल चिकटल्यावर संपते. बगलेवरचा बाण चाक पुढे फिरते त्या दिशेला हवा. हवा पुस्तिकेतल्या आकड्याइतकी, टायर थंड असताना भरावी. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि खोल वळणे टाळून, गाडी थोडी थोडी जास्त कलवत तो घासून घ्यावा.