हाताजोगे साधन : माउस व ट्रॅकबॉल यांची निवड

आठवड्याच्या बाजारात विळा घेणारा शेतकरी तो प्रथम मुठीत धरून पाहतो. मूठ जाड आहे की बारीक, वजन तोललेले आहे की नाही, हे हाताला कळल्यावरच तो किमतीची गोष्ट काढतो. सुताराच्या रंध्याचे व शिंप्याच्या कात्रीचेही असेच आहे. ज्या साधनाशी हाताचा रोजचा संबंध, त्याची परीक्षा हातानेच करावयाची, हे कारागिरास शिकवावे लागत नाही. शाळेतील संगणकाच्या माउसबाबत मात्र असा विचार क्वचितच होतो. संगणकाबरोबर आला तो वापरावयाचा, तो बिघडला की दुकानात स्वस्त मिळेल तो आणावयाचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

विद्यार्थ्यांच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, निरनिराळी माहितीपत्रके ही कामे आज संगणकावर करावी लागतात. मुख्याध्यापकांचा हात कित्येकदा तासन् तास माउसवरून उठत नाही. हाच हात फळ्यावर लिहितो आणि वह्या तपासतो. तो दुखावला तर नुकसान एकट्या शिक्षकाचे होत नाही, वर्गाचेही होते.

हात का दुखतो हे प्रथम समजून घ्यावे. मनगटात, तळहाताच्या बाजूस, हाडे व एक बळकट पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद मार्ग असतो. बोटे व अंगठा वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू या मार्गाने हातात येतात. मनगट वरच्या बाजूस वाकवून ठेवले म्हणजे या मार्गातील दाब वाढतो. असे वारंवार व दीर्घकाळ घडल्यास अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येऊ शकतात. या विकाराला इतरही कारणे असतात. म्हणून बधिरपणा टिकून राहिल्यास किंवा रात्री झोपमोड होऊ लागल्यास माउस बदलून स्वस्थ न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

माउसचा आकार काही विधिलिखित नव्हे. त्याचा पहिला नमुना अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ साली तयार झाला. तो लाकडी ठोकळा होता व त्याच्या खाली परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ट्रॅकबॉल तर त्याहूनही जुना. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्रात खेळातील चेंडूचाच उपयोग केला होता. तेव्हापासून या साधनांचे अनेक आकार निघाले आहेत. यास्तव निवडीस वाव आहे आणि तिचा उपयोग करून घ्यावा.

निवड करताना माउस टेबलावर ठेवून त्यावर हात सैल सोडावा. तळहाताला आधार मिळाला, बोटे न आखडता व न ताणता बटणांवर टेकली आणि मनगट सरळ राहिले, तर तो माउस त्या हाताला बेताचा आहे असे समजावे. माउस फार लहान असेल तर बोटे आखडतात, फार उंच असेल तर मनगट वर वाकते. बटण हलक्या दाबाने दाबले गेले पाहिजे, चाकही सहज फिरले पाहिजे.

माउस धरताना हात पालथा असतो. या स्थितीत पुढील हाताची दोन हाडे एकमेकांवरून तिरपी जातात. हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा तशा स्थितीत धरावयाचा उभा माउस मिळतो. त्यात ही पिळवट कमी होते. तो अंगवळणी पडण्यास मात्र काही दिवस लागतात.

ट्रॅकबॉलमध्ये साधन जागेवरच राहते, फक्त वरचा गोळा फिरवावयाचा असतो. खांदा व कोपर हलवावे लागत नाहीत, जागाही थोडी पुरते. अरुंद टेबलावर किंवा खांदा दुखणाऱ्यास तो सोयीचा ठरू शकतो. परंतु काही ट्रॅकबॉल अंगठ्याने फिरवावयाचे असतात व त्यांत सर्व श्रम अंगठ्यावर पडतात. ज्यांचा अंगठा आधीच दुखतो त्यांनी बोटांनी फिरणारा गोळा निवडावा. शाळेत खडूची धूळ पुष्कळ असते. ती गोळ्याखाली साचते व गोळा अडखळू लागतो, म्हणून तो अधूनमधून काढून कोरड्या कापडाने पुसावा. माउसच्या खालची प्रकाशाची काचही अशीच स्वच्छ ठेवावी.

उत्तम माउस चुकीच्या जागी ठेवला तर त्याचा गुण वाया जातो. तो कळफलकाच्या अगदी लगत व त्याच पातळीवर असावा. कोपर अंगाजवळ राहावे, हात लांब करावा लागू नये. बाण फार सावकाश सरकत असेल तर संगणकातच त्याचा वेग वाढविता येतो. यास खर्च काहीच येत नाही. अर्ध्या तासाने हात बाजूला घेऊन दोन मिनिटे सैल सोडणे हेही तितकेच आवश्यक आहे.

मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. पहिली-दुसरीतील मुलाच्या हातात मोठ्यांचा माउस दिला तर त्याची बोटे बटणापर्यंत नीट पोहोचत नाहीत. ते माउस दोन्ही हातांनी धरते, बाण भलतीकडे जातो, आणि ‘याला जमत नाही’ असा शेरा बसतो. उणीव मुलात नसते, साधनात असते. तद्वतच डावखुऱ्या मुलाची गोष्ट. केवळ उजव्या हातासाठी वळविलेला माउस त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे त्याला आरंभीच मागे ठेवणे होय. शाळेसाठी दोन्ही बाजूंनी सारखा, लहान आकाराचा एक माउस अवश्य घ्यावा व तो डावीकडे ठेवता येईल इतकी त्याची तार लांब असावी. बटणांची अदलाबदल संगणकात क्षणार्धात करता येते. ती करावी की नाही हे मुलालाच विचारावे, कारण काही डावखुरी मुले उजव्या हातानेही माउस सहज चालवितात.

खरेदीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवताना किमतीबरोबर हेही नोंदवावे की साधन कोणाच्या हातासाठी आहे. शक्य असेल तेथे ज्याला काम करावयाचे आहे त्यानेच दुकानात जाऊन ते हाताळून पाहावे. मुलांसाठी आणलेला माउस त्यांच्या हातात देऊन त्यांचे बोट बटणावर कसे पडते ते शिक्षकांनी घटकाभर पाहावे, आणि तो बेताचा नसेल तर वेळीच बदलून आणावा.