संगणकावरची अक्षरे मोठी करताना रिझोल्यूशनला हात का लावू नये

रायपूर : छत्तीसगडमध्ये जमिनीचा खसरा पाहायचा तर ‘भुइयां’ हे शासकीय संकेतस्थळ उघडावे लागते. निवृत्तिवेतनाचा तपशील, वीज देयक, बँकेचे खाते हेही आता पडद्यावरच. येथील शंकर नगरसारख्या जुन्या निवासी भागात काय किंवा देशातील कोणत्याही शहरात काय, डेस्कटॉपसमोर बसणाऱ्या ज्येष्ठांची अडचण पुष्कळदा संगणक न येण्याची नसते. अक्षर दिसत नाही, एवढीच असते. मग पासवर्ड नातवाला सांगितला जातो, ओटीपी शेजाऱ्याकडून वाचून घेतला जातो आणि स्वतःच्या पैशांचा व्यवहार दुसऱ्याच्या डोळ्यांनी होऊ लागतो.

देवनागरीत ही अडचण अधिक तीव्र आहे. शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रांना जागा द्यावी लागत असल्याने त्याच आकाराच्या रोमन अक्षरापेक्षा देवनागरी अक्षराचा मूळ देह लहान राहतो. बारीक टंकात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ एकमेकांसारखे दिसू लागतात. अनुस्वार तर दिसेनासाच होतो. रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३५ मधली. त्यामुळे शहरातील जुनी मराठी कुटुंबे घरची भाषा मराठी आणि सरकारी कागद हिंदी, असे दोन्ही देवनागरीतच वाचतात. नावातील एका अक्षराची चूक दाखला अडवू शकते, हे त्यांना सांगावे लागत नाही.

तक्रार केली की घरातील जाणकार अनेकदा पहिली गोष्ट करतो ती रिझोल्यूशन कमी करण्याची. अक्षरे मोठी होतात खरी, पण पुसट होतात. सपाट पडद्यावर प्रकाशबिंदूंची संख्या ठरलेली असते. पूर्ण एचडी पडद्यावर ती आडवी १९२० आणि उभी १०८० असते. त्यापेक्षा कमी बिंदूंचे चित्र दिले की संगणक किंवा पडदा ते ताणून बसवतो आणि अक्षरांच्या कडा विरतात. आधीच कमी दिसणाऱ्या डोळ्यांना हा उपाय उलट थकवतो. रिझोल्यूशन शिफारस केलेल्या मूळ आकड्यावरच ठेवावे आणि मोठे करण्याचे काम अन्य तीन सोयींवर सोपवावे.

पहिली सोय ब्राउझरची. कंट्रोल कळ दाबून अधिकचे चिन्ह दाबले की पान मोठे होते, वजाचे चिन्ह दाबले की लहान, शून्य दाबले की पूर्ववत. क्रोममध्ये पान ५०० टक्क्यांपर्यंत वाढते आणि प्रत्येक संकेतस्थळासाठी निवडलेले प्रमाण लक्षातही ठेवले जाते. कंट्रोल दाबलेली असताना माउसचे चाक फिरले तरी हेच घडते. ‘पडदा अचानक बिघडला’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच कारण असते आणि कंट्रोल-शून्य हा त्यावरचा इलाज.

वर्डमध्येही उजव्या कोपऱ्यातील पट्टी सरकवून कागद मोठा पाहता येतो. तेथे एक गल्लत टाळावी. वाचता यावे म्हणून टंकाचाच आकार वाढवला, तर एका पानाचा अर्ज छापताना दोन पानांवर जातो. झूम वाढवल्याने छपाईत काहीही बदलत नाही.

दुसरी सोय संपूर्ण संगणकाची, आणि बहुसंख्य ज्येष्ठांसाठी हीच खरी उपयोगाची. विंडोजमध्ये रिकाम्या पडद्यावर उजवी टिचकी देऊन ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडल्यास तेथे ‘स्केल’ दिसते. १०० ऐवजी १२५ किंवा १५० टक्के निवडताच मेनू, चिन्हे आणि अक्षरे सारेच मोठे होते, तेही रेखीव राहून. काही जुन्या प्रणाली मात्र त्यानंतर धूसर दिसतात. पडदा लहान असेल तर १५० टक्क्यांवर खिडकीच्या तळाची बटणे पडद्याबाहेर जाऊ शकतात. तेथे १२५ पुरे. विंडोज ११ मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात केवळ मजकुराचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची वेगळी पट्टीही आहे.

तिसरी सोय म्हणजे मॅग्निफायर, पडद्यावरचे भिंग. विंडोज कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की ते उघडते, विंडोज आणि एस्केप दाबले की मिटते. संपूर्ण पडदा, माउससोबत फिरणारे भिंग किंवा पडद्याच्या वरच्या भागातील स्थिर पट्टी, अशा तीन रूपांत ते मिळते आणि १६०० टक्क्यांपर्यंत जाते. एखादा आकडा किंवा चित्रातील अक्षरे तपासायला ते उत्तम, मात्र सलग वाचनाला त्रासाचे. प्रत्येक ओळीसाठी माउस डावी-उजवीकडे हलवावा लागतो. मॅकवर हीच सोय ‘झूम’ नावाने मिळते.

चाळिशीनंतरच्या चष्म्याचाही येथे संबंध आहे. वाचनाचा नंबर साधारणपणे हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, पडदा त्याहून दूर. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर केली जाते आणि मान दुखू लागते. अक्षरे मोठी केल्यास निदान पडद्याकडे वाकावे लागत नाही. दृष्टी अचानक अंधूक झाली असेल, तर मात्र सेटिंग न बदलता नेत्रतज्ज्ञ गाठावा.

हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीचा स्वतंत्र समावेश आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवायसी प्रक्रियेतील अडथळ्यांवरील याचिकांत निकाल देताना डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार मजकूर २०० टक्के मोठा केल्यावरही काही तुटता कामा नये. ही कसोटी कोणालाही घरी घेता येते. पान २०० टक्क्यांवर नेल्यावर ‘सबमिट’चे बटण नाहीसे झाले किंवा ओळी एकमेकींवर चढल्या, तर दोष वाचणाऱ्याचा नसून ते पान बनवणाऱ्याचा असतो, आणि तशी तक्रार करता येते.

घरात एकच संगणक असल्यास आजोबांची मोठी अक्षरे नातवंडांना नकोशी होतात आणि सेटिंग रोज बदलले जाते. विंडोजमध्ये प्रत्येकासाठी वेगळे वापरकर्ता खाते उघडल्यास ज्याचे स्केल त्याच्याजवळ राहते. पासवर्डही ज्याचा त्याच्यापाशी.