160 मीटरची करामत

कॅलिफोर्नियातली एक शाळा घ्या. बर्गर-फ्राइजचं दुकान 160 मीटरच्या, म्हणजे एक दशांश मैलाच्या आत. दुसरी शाळा तशीच, पण तिथे दुकान 400 मीटरवर. चालत गेलं तर फरक जेमतेम तीन मिनिटांचा. एवढ्याने काय बिघडणार? बिघडतं, आणि चक्क मोजता येतं!

अर्थतज्ज्ञ जॅनेट करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 30 लाख मुलांच्या नोंदी तपासून 2010 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. फास्ट फूडचं दुकान 160 मीटरच्या आत असेल, तर नववीतल्या मुलांमधल्या लठ्ठपणाचं प्रमाण 5.2 टक्क्यांनी वाढलेलं होतं. पाव मैलावर गेलं की परिणाम जवळजवळ गायब.

शंकेखोर वाचक म्हणेल, अशी दुकानं निघतातच मुळी खात्यापित्या मुलांच्या वस्तीत. हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. म्हणून त्यांनी पुढे कधीतरी उघडणार असलेली दुकानंही हिशेबात धरली. त्यांचा मुलांच्या वजनाशी काही संबंध दिसेना. शेजारच्या साध्या रेस्टॉरंटांचाही नाही. शटर वर गेल्याशिवाय जादू चालत नाही तर!

मला त्याहून गंमत वाटते ती याच अभ्यासातल्या गरोदर बायकांच्या आकड्यांची. घरापासून अर्ध्या मैलाच्या आत असं दुकान असलं, तर 20 किलोंहून जास्त वजन वाढण्याची शक्यता 1.6 टक्क्यांनीच वाढते. मोठ्या माणसाला गाडी काढून हवं तिथे जाता येतं, त्याला जवळच्या दुकानाचं अप्रूप कमी. मुलाकडे मात्र दोन पाय आणि मधली सुट्टी. त्याची आवड पायांना जमेल तेवढीच लांब जाते. एरवी आपण तिला ‘सवय’ म्हणतो आणि पोरालाच दटावतो.

मुलांमधल्या या फरकासाठी लागणाऱ्या जादा कॅलरी रोजच्या साधारण 30 ते 100. मध्यम आकाराच्या एका केळ्यात जवळपास 100 असतात. म्हणजे अधाशीपणाचीही गरज नाही. शाळेचे दिवस पुरतात.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकायला मनाई आहे. बऱ्याच शाळांत मधल्या सुट्टीत फाटक बंदच असतं. शाळा सुटल्यावर ते उघडतं, आणि एक्कावन्नाव्या मीटरवर गाडी लावायला कोणाची हरकत नाही.