मोबाइलवर धावेल तुमची झुकझुकगाडी!

तुमच्या माळ्यावर एखादी खेळण्यातली रेल्वे धूळ खात पडली आहे का? रुळावर ठेवली की दोन विती सरकून थांबणारी? टाकून देऊ नका. अनेकदा दोष इंजिनाचा नसतो, रुळांचा असतो.

गाडी अडते कुठे?

मॉडेल रेल्वेत साधारण १२ व्होल्टची वीज रुळांतून चाकांमार्फत मोटारीपर्यंत पोहोचते. रुळांवर मळ बसला की गाडी अडखळते. चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत पितळी रूळ तर लवकरच काळवंडतात. शिवाय साध्या सेटमध्ये एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली, की दोन्ही एकदमच पळतात. डिजिटल सेटमध्ये ती वेगवेगळी चालवता येतात, पण तो खर्च सगळ्यांना झेपत नाही आणि रूळ पुसणं काही सुटत नाही.

स्वस्त उपाय

बॅटरी गाडीतच ठेवायची आणि हुकूम रेडिओ लहरींनी द्यायचा! मग रूळ प्लास्टिकचे असोत वा लाकडी, गाडी धावते.

त्यासाठी हे लागेल:

• ईएसपी३२ बोर्ड. यात वायफाय आणि ब्लूटूथ असतं. किंमत साधारण पाचशे रुपयांच्या आसपास. बॅटरी जोडायची सोय असलेला बोर्ड थोडा महाग पडतो, पण तोच घ्या.
• डीआरव्ही८८३३ मोटर ड्रायव्हर. एल२९८एन घेऊ नका. तो जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खातो.
• संरक्षक सर्किट असलेली ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी.

हे सामान चेन्नईत रिची स्ट्रीटला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत शोधा. अर्ड्युइनो हे मोफत सॉफ्टवेअर वापरून बोर्डमध्ये प्रोग्रॅम भरायचा. बोर्ड स्वतःचं वायफाय तयार करतो, त्यामुळे इंटरनेटशिवायही मोबाइलच्या ब्राउझरवरून वेग आणि दिशा बदलता येते.

सुरुवात कुठून?

जत्रेत मिळणाऱ्या, सेलवर चालणाऱ्या गाडीपासून. तिची मोटर कमी व्होल्टची असते, म्हणून प्रोग्रॅममध्ये वेगाला मर्यादा घाला. इंजिनात जागा नसेल, तर बॅटरी मागच्या डब्यात ठेवा. जुन्या १२ व्होल्टच्या इंजिनाला व्होल्टेज वाढवणारं छोटं मॉड्यूल लागेल. चाकांकडून मोटारीकडे जाणाऱ्या तारा आधी काढायला विसरू नका.

एक मात्र नक्की पाळा: लिथियम बॅटरी मोठ्यांच्या देखरेखीखालीच चार्ज करा. ती फुगली असेल, तर अजिबात वापरू नका.

सुट्टीत पुण्याला गेलात, तर कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं हे छोटंसं जग १९९८ पासून सर्वांसाठी खुलं आहे. ते पाहून घरी परतलात, की माळ्यावरचा खोका उतरवायला वेळ लागणार नाही. सोल्डरिंग आजोबांनी करावं, प्रोग्रॅम नातीने भरावा आणि पहिली शिट्टी सगळ्यांनी मिळून वाजवावी!