कातळाखालचा पत्ता

१९८३ साली शहापूर तालुक्यात खर्डी-भातसा भागातली जमीन वारंवार हादरत होती. मी तेव्हा शाळेत होतो. आधी दूरवर सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा आणि मागोमाग फडताळातली भांडी थरथरायची. खाणीतले सुरुंग आमच्या सवयीचे असल्याने सुरुवातीला कुणी फारसे मनावर घेतले नाही. १५ सप्टेंबरला सर्वांत मोठा धक्का बसला. रिश्टर मापनात तो पाचाच्या थोडा खाली होता. मग मात्र घरोघरी एकच प्रश्न होता : हे भातसा धरणामुळे तर नाही ना? ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप तोवर कुणी विसरले नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर आधी दुसऱ्या एका प्रश्नापाशी अडते. धक्क्याचा उगम नेमका कुठे होता? जलाशयाच्या तळाखाली, की डोंगरापलीकडे?

भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी खडकातून निघतात. प्राथमिक लहर खडकाला पुढे-मागे दाबत धावते आणि आधी पोचते. दुय्यम लहर खडकाला आडवे हलवते आणि मागून येते. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो आणि मधल्या वेळावरून वीज किती दूर पडली याचा अंदाज बांधता येतो, तसेच हे. ग्रॅनाइटसारख्या खडकात प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुय्यम लहरीचा साडेतीन असतो. दोघींच्या येण्यात दोन सेकंदांचे अंतर पडले, तर उगम जवळजवळ १७ किलोमीटरवर. पण वाट काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून असेल आणि वेग अनुक्रमे ५ आणि २.९ धरले, तर तेच दोन सेकंद १४ किलोमीटर सांगतात. प्रत्यक्षात लहर दोन्ही खडकांतून येते, म्हणून खरे उत्तर मधेच कुठेतरी असते. आमच्याकडे तीन किलोमीटरांत जलाशय संपून डोंगर लागतो.

पेच असा : उगम शोधायचा तर खडकातला वेग ठाऊक हवा, आणि वेग काढायचा तर उगम ठाऊक हवा. अनेक ठिकाणी भूकंपमापक लावले की हा पेच सैल होतो, पण पुरता सुटत नाही. तो सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे उगम आपणच निर्माण करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात महाराष्ट्रात हेच केले. कोकण किनाऱ्यापासून देशाकडे जाणाऱ्या दोन रेषा आखल्या : गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी. या रेषांवर ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी स्फोट घडवून, रांगेने मांडलेल्या यंत्रांवर लहर कुठे केव्हा पोचली याची नोंद घेतली.

या नोंदींतून खोली कशी कळते? डोंगरातल्या एखाद्या पाड्यावरचा माणूस शेजारच्या गावाला पायीच जातो. कल्याणला जायचे असेल, तर आधी उतरून आसनगाव स्टेशन गाठतो आणि लोकल पकडतो. किती लांब जायचे असले म्हणजे हा वळसा परवडतो, हे त्याला विचारले तर स्टेशन किती दूर आहे याचा हिशेब करता येतो. लहरींचेही तसेच. स्फोटाजवळच्या यंत्रावर वरच्या, मंद थरातून सरळ आलेली लहर आधी पोचते. दूरच्या यंत्रावर मात्र खाली उतरून, वेगवान थराच्या कडेने धावून पुन्हा वर आलेली लहर बाजी मारते. ही अदलाबदल किती अंतरावर झाली यावरून वेगवान थराची खोली निघते. आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ साली झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदींत हीच अदलाबदल ओळखली आणि पृथ्वीच्या कवचाला तळ आहे हे दाखवले. त्या सीमेला आज ‘मोहो’ म्हणतात.

कोयना भागातल्या त्या दोन रेषांवर बेसॉल्टचा थर पश्चिमेकडे सुमारे दीड किलोमीटर, तर पूर्वेकडे चारशे मीटरच्या आसपास आढळला. मोहो सुमारे ३६ ते ४० किलोमीटर खोल निघाला. म्हणजे कळसूबाईपासून भातसेच्या पात्रापर्यंत जो काळा कातळ आपल्याला सर्वस्व वाटतो, तो कवचावरची पातळ साय आहे.

पण ही सायच फसवी आहे. बेसॉल्टखाली एखादा मऊ, गाळाचा थर असेल, तर त्यातला वेग बेसॉल्टपेक्षा कमी असतो. मंद गाडी पकडायला कुणी वळसा घेत नाही. तशी त्या थराच्या कडेने धावून आधी पोचणारी लहर नसतेच. नोंदींत तो थर दिसतच नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधन केले, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली ८ मीटर गाळखडक आणि त्याखाली जुना स्फटिकमय पाया सापडला. कोयनेजवळ रासाटीला विंधनयंत्र सुमारे ९३२ मीटर बेसॉल्ट भेदून थेट ग्रॅनाइटमध्ये शिरले; मधे गाळ नव्हता. म्हणून लहरींनी काढलेला नकाशा अधूनमधून तरी भोक पाडून तपासावा लागतो.

आता पुन्हा भातसा. त्या काळात तिथे भूकंपमापक लावून अभ्यास झाला आणि जलाशयाशी निगडित भूकंपांच्या जागतिक यादीत भातसेचे नाव आले. धरण भूकंपाचे बळ निर्माण करत नाही. ते खडकात आधीच साठलेले असते. पाण्याचे वजन आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब त्याला वाट करून देतो. बहुतेक जलाशयांखाली असे काहीच घडत नाही. कुठे घडेल, हे खालच्या भेगा कुठे आहेत यावर ठरते. त्या भेगा वरून दिसत नाहीत. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली, तीही अशाच बेसॉल्टखालच्या उथळ भागातून.

आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या धरणाचा प्रस्ताव कित्येक वर्षे वादात आहे. तो वाद जंगलाचा, शेतीचा आणि विस्थापनाचा आहे. त्यात मला एक मागणी जोडावीशी वाटते. धरण होणार असेल, तर पाणी अडवण्याच्या काही वर्षे आधीपासून तिथे भूकंपमापक चालू असावेत. आधीची नोंद नसेल, तर नंतरच्या धक्क्यांचे खापर पाण्यावर फोडता येणार नाही आणि पाण्याला निर्दोषही ठरवता येणार नाही. आणि वेग मोजायला नवे स्फोट हवेतच असे नाही. या भागातल्या दगडखाणींत सुरुंग उडतातच. त्यांची जागा आणि अचूक वेळ लिहून ठेवली, तर लहानपणी ज्या आवाजाकडे आम्ही दुर्लक्ष करायला शिकलो, तोच आपल्या पायाखालच्या कातळाचे मोजमाप देऊ शकेल.