अ‍ॅमेझॉनच्या गोदामात मॅनेजर व्हायचंय?
भिवंडीच्या गोदामांत अनुभव घेतलेल्यांनो, अ‍ॅमेझॉनची मुलाखत जरा वेगळी असते बरं का. कंपनीची 16 लीडरशिप तत्त्वं (2021 पर्यंत 14 होती) आधी वाचून जा. प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात. ‘असा एखादा प्रसंग सांगा...’ ही ठरलेली सुरुवात. प्रसंग, जबाबदारी, कृती, निकाल या क्रमाने बोला. ‘आम्ही केलं’ म्हणालात की लगेच प्रश्न येतो, त्यात तुम्ही नेमकं काय केलंत? ‘पिकिंग सुधारलं’ एवढ्यावर भागत नाही. तासाला आधी किती नग निघायचे, नंतर किती, ते सांगा. फिफो, सायकल काउंट तुम्हाला येत असेलच हो! पण रात्रपाळीला निम्मी माणसं आलीच नाहीत तर गाड्या वेळेत कशा काढाल, याचं उत्तर तयार ठेवा.