नाव तेच, ताकद वेगळी. गेमिंग लॅपटॉप घेताना काय तपासाल?

कोल्हापूर : इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरात लॅपटॉपची मागणी सुरू होते. अभ्यासासोबत गेमही चालावेत म्हणून ग्राफिक्स कार्डासाठी जादा पैसे मोजले जातात. मात्र, नुसत्या नावावर जाऊ नका.

नावात फसगत : एनव्हिडियाच्या डेस्कटॉपच्या ‘आरटीएक्स ४०७०’ कार्डात १२ जीबी मेमरी आणि ५,८८८ कोअर आहेत. याच नावाच्या लॅपटॉप कार्डात मात्र ८ जीबी आणि ४,६०८ कोअर.

गेम का अडखळतो? गेममधील दृश्यांचे टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत साठतात. ती भरली की तुलनेने संथ रॅमची मदत घ्यावी लागते. अशा वेळी टेक्स्चर सेटिंग कमी करावे.

गेम सुरूच होत नाही? २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्ड लागतेच. ‘जीटीएक्स १६६०’मध्ये ती नाही. तिथे सेटिंग कमी करूनही उपयोग नाही.

दुकानात काय विचाराल? कार्डाची मेमरी आणि वॉट. लॅपटॉपच्या ‘आरटीएक्स ४०६०’ला मॉडेलनुसार ३५ ते ११५ वॉट वीज मिळते. वॉट कमी, तर वेगही कमी.